प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, दोघेही लक्ष्मीनारायणराव

१९८८ सालच्या जून महिन्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कुंभकोणमचे लक्ष्मीनारायणराव आचरण या विषयात शून्य गुण मिळवून नापास झाले.

असं काही झालेलं नाही. कचेरीत जाऊन विचारलंत तर टायपिस्ट सरोजा मशीनवरून मान वर न करता हेच सांगेल. खुद्द लक्ष्मीनारायणराव तर हा विषय निघाला की उठून खिडकी लावून घेतात, मग बाहेर वारा असो की नसो. तेव्हा ते झालंच नाही असं आपणही धरून चालू आणि जिथून सुरू होतं तिथून सुरू करू.

माजी सैनिकांच्या मदतीची कचेरी पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली दिवसभर हातोड्या चालत. वर एक टेबल, एक खुर्ची, सरोजाचं स्टूल आणि व्हरांड्यात भिंतीला पक्कं केलेलं एक लांब बाकडं. या बाकड्यावर गेली एकोणीस वर्षं निवृत्त जवान, नाईक, हवालदार आणि त्यांच्या विधवा बसत आल्या होत्या. त्यांचे फॉर्म भरणं, दाखले जोडणं आणि खाली सही करणं हे लक्ष्मीनारायणरावांचं काम. सैन्याशी त्यांचा स्वतःचा संबंध एवढाच की लहानपणी त्यांनी स्टेशनवर सैनिकांची गाडी पाहिली होती. तीही थांबली नव्हती. पण कुठला फॉर्म कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे ते स्वतः कधी म्हणत नसत. बाकड्यावरचे लोक म्हणत.

मार्चमध्ये मद्रासहून परिपत्रक आलं. त्याचा मथितार्थ असा: माजी सैनिकांना मदत करणारा माणूस आजवर कसाही असला तरी चालला, पण १ एप्रिलपासून तो प्रशिक्षित असला पाहिजे. प्रशिक्षण चाळीस तासांचं. त्या काळात प्रशिक्षणार्थ्यानं फक्त निरीक्षण करावं, सही करू नये. शेवटी परीक्षा. प्रशिक्षक म्हणून तालुक्यात या कामाचा सर्वांत जास्त अनुभव असलेला माणूस नेमावा. त्यानं मात्र शिकवण्यात चित्त ठेवावं आणि कुठल्याही कागदावर एकट्यानं सही करू नये.

लक्ष्मीनारायणरावांनी परिपत्रक तीनदा वाचलं. तालुक्यात अनुभवी माणूस एकच होता. अप्रशिक्षित माणूसही एकच होता. त्यांनी दोघांनाही नेमणूकपत्रं लिहिली आणि दोघांनीही पत्र मिळाल्याची पोच दिली.

"एका पोचेत भागलं नसतं का, सार?" सरोजानं विचारलं. ती तमिळ होती, 'सर'ला 'सार' म्हणायची, स्पष्ट होती, आणि कचेरीत कार्बन पेपर तीच आणत असल्यामुळे तिला विचारायचा हक्क होता.

"दोन पत्रं आणि एक पोच? उद्या त्यांतला एक म्हणाला मला मिळालंच नाही, तर?"

"तर दुसऱ्याला विचारू."

"दुसरा त्याचीच बाजू घेणार," लक्ष्मीनारायणराव म्हणाले.

हे सगळं मजेत चाललं असतं. घाई एका माणसाला होती. तिरुविडैमरुदूरचे रामलिंग हवालदार. बावीस वर्षं पलटणीत काढून गावी भातशेती करत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डाव्यात धूर आणि उजव्यात धुकं, असं ते स्वतः सांगत. चौदा महिने वाट पाहिल्यावर मद्रासच्या लष्करी इस्पितळातून पहिल्या डोळ्याची तारीख आली होती: १७ जून. सोबत तालुक्याच्या मदतनिसाच्या सहीचा शिफारस-फॉर्म हवा. फॉर्म नसेल तर नंबर पुढच्याला, आणि हवालदार परत रांगेच्या शेपटीला.

हवालदार दर मंगळवारी फॉर्म घेऊन येत. येताना बस चुकायची. पाटी दिसत नसल्यामुळे ते भोंग्याच्या आवाजावरून बस ओळखत, आणि त्या भागात एकाच आवाजाच्या दोन बसेस होत्या. तीनदा ते थेट चोळपुरमला जाऊन उतरले होते. तिथले लोक आता त्यांना बघितलं की आधी कॉफी देत आणि मग परतीच्या बसमध्ये बसवत.

"रायर," ते म्हणाले. त्या मुलखात तमिळ माणसं मराठी घरच्या माणसाला रायर म्हणतात. "गेल्या खेपेला मी भात आठ दिवस आधी कापायला लावलं. हिरवं कापलं. मजूर काही बोलले नाहीत, हवालदार सांगतोय म्हणजे काहीतरी असेल म्हणून. बावीस वर्षं हुकूम ऐकले, रायर. चुकीचा हुकूम दिला तो हा पहिला. यंदाचं पीक मला माझ्या डोळ्यानं बघून कापायचंय."

"सही होईल. पण आधी मला शिकावं लागेल."

"काय शिकायचंय?"

"तुम्हाला मदत कशी करायची ते."

"एकोणीस वर्षं काय करत होता मग?"

"मदत. पण न शिकता."

हवालदारांनी थोडा विचार केला. सैन्यात बावीस वर्षं काढल्यामुळे त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. ते बाकड्यावर जाऊन बसले.

आता तिकडची एक पद्धत सांगायला हवी. कुंभकोणमकडे मोठ्या माणसापुढे उभं राहायचं झालं की खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला गुंडाळतात. खांद्यावर उपरणं म्हणजे मी माझ्या जागी, कमरेला उपरणं म्हणजे मी तुमच्या पायाशी. लक्ष्मीनारायणरावांची सगळी अडचण या एका उपरण्यानं सोडवली. ते खांद्यावर टाकून खुर्चीत बसले की ते प्रशिक्षक. उठून, टेबलाच्या पलीकडे जाऊन, कमरेला गुंडाळून उभे राहिले की प्रशिक्षणार्थी. रोज दहा ते बारा अशी वीस दिवस शिकवणी ठरली.

"लक्ष्मीनारायण!"

"हजर, सार."

"आज सहा मिनिटं उशीर झाला."

"खाली भांडीवाल्यानं गाठलं, सार."

"मलाही गाठलं होतं. मी आलो की नाही वेळेवर?"

प्रशिक्षणार्थ्यानं सहा मिनिटं वहीत मांडून ठेवली.

एका सोमवारी प्रशिक्षकांच्या मेहुण्याच्या घरी मुंज होती म्हणून त्यांनी रजा टाकली. रजेची सूचना प्रशिक्षणार्थ्याला न मिळाल्यामुळे तो आला, दोन तास रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिला, आणि जाताना तक्रारवहीत लिहून गेला की आपला वेळ वाया गेला. मंगळवारी प्रशिक्षकांनी ती तक्रार वाचून कान लाल होईपर्यंत स्वतःवर चरफड केली आणि खाली शेरा मारला: "दिलगीर आहे. पुन्हा होणार नाही." मुंजीला कुणीच गेलं नव्हतं, म्हणून मेहुणा मात्र दोघांवरही रागावला.

अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकही होतं. प्रशिक्षणार्थ्यानं एका माजी सैनिकाशी बोलून दाखवायचं. पण खऱ्या सैनिकावर अर्धवट शिकलेला माणूस सोडायला प्रशिक्षकांचं मन घेईना. त्यांनी स्वतःच एक म्हातारा सुभेदार उभा केला. जाडा आवाज, खोकला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं का?"

सरोजानं दारातून डोकावून विचारलं, "सार, कॉफी किती सांगू?"

"आत किती जण आहोत?"

"मला विचारता?"

"एकच सांग. प्रशिक्षणार्थ्यानं शिकवणीत कॉफी घ्यायची नसते, आणि सुभेदाराला पोटाचा त्रास आहे."

बाहेर बाकड्यावर हवालदार सगळं ऐकत होते. शिकवणी संपल्यावर त्यांनी सरोजाला हळूच विचारलं, "आतला तो सुभेदार कुठल्या पलटणीचा?"

"का?"

"खोटारडा आहे. बर्फात अठरा दिवस होतो म्हणतो आणि पाय शाबूत. शिकणारे रायर भले आहेत, ऐकून घेतात. शिकवणारा मात्र खडूस वाटतो."

सरोजा मशीनमध्ये कागद घालत म्हणाली, "तिघांचंही आपसात पटत नाही."

मेमध्ये तंजावरहून वरिष्ठ अधिकारी स्वामीनाथ शिकवणीची पाहणी करायला आले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. कचेरीत शिरताच त्यांना कमरेला उपरणं गुंडाळलेला एक वयस्कर माणूस दिसला.

"तुमचे प्रशिक्षक कुठे आहेत?"

लक्ष्मीनारायणरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं. स्वामीनाथही त्याच मुलखातले. ते ताबडतोब अदबीनं सरळ झाले आणि त्यांनी हात जोडले.

"मला दोघांशी स्वतंत्र बोलायचंय," ते बसत म्हणाले. "आधी प्रशिक्षणार्थी. आपण जरा बाहेर थांबाल?"

प्रशिक्षक व्हरांड्यात गेले. प्रशिक्षणार्थी आत आला.

"निर्भयपणे सांगा. कसं शिकवतात?"

"कडक आहेत, सार. पण विषय पक्का."

"मारतात वगैरे?"

"अजून वेळ आली नाही."

मग प्रशिक्षणार्थी बाहेर गेला आणि प्रशिक्षक आत आले.

"विद्यार्थी कसा आहे?"

"वय जास्त आहे, सार. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. पण जिद्द आहे."

स्वामीनाथांनी ते लिहून घेतलं. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. "इथं विचारलंय, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांचं नातं. नातेवाईक असतील तर परीक्षा घेता येत नाही. तुमचं त्यांच्याशी काही नातं?"

लक्ष्मीनारायणराव घोटाळले. खोटं लिहायचं नव्हतं. आपण आपले कोण लागतो, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. आपण आपल्या वडिलांचे मुलगे, तेव्हा भाऊ म्हणावं, तर दुसरा मुलगा वडिलांना झालाच नव्हता. "नातं असं नाही, सार. पण एकाच घरात राहतो."

"भाडेकरू आहेत?"

"भाडं घेत नाही कधी."

स्वामीनाथांनी 'शेजारी' असं लिहिलं आणि चार वाजताची गाडी पकडली.

तीस मेला परीक्षा झाली. लेखी तीन तास, प्रश्न वीस. प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी काढून लाखेनं बंद केली होती. तिच्यात काय आहे याचा अंदाज प्रशिक्षणार्थ्याला लागू नये म्हणून लक्ष्मीनारायणराव रात्रभर मुद्दाम दुसरं काहीतरी आठवत राहिले होते. तरी पेपर सोपा गेला. एक जूनला निकाल लागला. लेखीत शंभरपैकी नव्व्याण्णव, एक गुण अक्षरासाठी कापलेला. आचरण या वेगळ्या विषयात पन्नासपैकी पन्नास.

मंगळवारी हवालदार आले. सरोजानं निकाल सांगितल्यावर त्यांनी शिकणाऱ्या रायरांचा हात धरून हलवला. "मग करा सही."

लक्ष्मीनारायणरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, सार," सरोजा म्हणाली. तिच्या हातात परिपत्रक होतं आणि ते उलटं धरलेलं होतं. मागच्या बाजूलाही छापलेलं आहे, हे त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. मागचं पान अभ्यासक्रमात नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं: "उत्तीर्ण प्रशिक्षणार्थ्याने मद्रासहून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही कागदास हात लावू नये."

लक्ष्मीनारायणरावांनी फॉर्मवरचा हात उचलला. मग खाली जाऊन भांडीवाल्याच्या दुकानातून त्यांनी तंजावरला फोन लावला. हातोड्यांच्या आवाजात स्वामीनाथांचा आवाज खूप लांबून आल्यासारखा वाटला.

"प्रमाणपत्र? येतं की. आम्हा वरिष्ठांची परीक्षा आधीच झाली, मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पास झालो."

"आणि कधी आलं, सार?"

"यायचंय. चौदा महिने झाले, एका कागदाला हात लावलेला नाही. रक्तदाब अगदी खाली आलाय. तुम्हीही काळजी करू नका."

ते वर आले तेव्हा सरोजा पुढचा नियम वाचून बसली होती. "सार, नापास झालेल्यांचं वेगळं आहे. 'अनुत्तीर्ण प्रशिक्षणार्थ्यास सराव कमी पडला असे समजून पुरवणी परीक्षेपर्यंत, म्हणजे सहा महिने, त्याजकडून सर्व कागदांवर सह्या करवून घ्याव्या. प्रशिक्षकाने शेजारी प्रतिस्वाक्षरी करावी.'"

खाली कुणीतरी घागरीला पोचे काढत होतं.

"म्हणजे तुम्ही नापास झाला असतात तर," हवालदार म्हणाले, "माझा डोळा झाला असता."

"हो."

"आणि पास झालात."

"हो."

"बिचारे," हवालदार म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "जरा शिकवणाऱ्या साहेबांशी बोलून बघा ना. निकाल त्यांच्याच हातात आहे."

लक्ष्मीनारायणरावांनी खरोखरच बोलून पाहिलं. कमरेला उपरणं गुंडाळून ते खुर्चीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, सार, एका माणसाच्या डोळ्याचा प्रश्न आहे, दोनचार उत्तरं चूक ठरवा. मग खुर्चीत बसून त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं की बरोबर उत्तरावर फुली मारायला आपला हात उचलणार नाही, आणि असली गळ घालायला शरम वाटायला हवी. सरोजानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि शेवटी कानांत कापूस घातला.

सतरा तारखेला दहा दिवस उरले.

त्यांच्या घरी कचेरीला निघण्याआधी नऊ वाजता जेवण असे. घराबाहेर तमिळ, उंबरठ्याच्या आत मराठी. तीही पणज्यांच्या पणज्यांनी बरोबर आणलेली, मुंबईच्या पाहुण्यांना ऐकून हसू येईल अशी. पत्नी अंबुजा सार वाढत होती. चार दिवस नवरा भाताशी नुसता खेळतो आहे हे तिनं पाहिलं होतं.

"जेवीत कां नाहीं? कोण काय म्हणालें?"

"मास्तर ऐकत नाहींत."

"कोण मास्तर?"

"मीच."

अंबुजानं वाढणं थांबवलं नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिला याहून अवघड गोष्टी कळल्या होत्या. तिनं सगळी हकीकत विचारून घेतली. निकाल, नियम, हवालदार, हिरवं कापलेलं भात. मग म्हणाली, "तीन तास परीक्षा म्हणतां. ह्या गुडघ्यांनीं तीन तास उभे कसे राहिलांत?"

"उभा नव्हतों. बसलों होतों."

"कोठें? बाकडें तर बाहेर आहे."

"खुर्चीवर."

"तेथें खुर्च्या किती?"

"एकच."

"ती कोणाची?"

लक्ष्मीनारायणरावांचा घास हातातच राहिला. त्यांच्या घरात गुरूच्या पाटावर चुकून मांजर बसलं तरी पाट धुऊन मग आत घेत. लहानपणी एकदा ते स्वतः संथा सांगणाऱ्या आचार्यांच्या पाटाला पाय लावून पळाले होते, तेव्हा वडिलांनी त्यांना दिवसभर उपाशी ठेवलं होतं. आणि तीस मेला, कमरेला उपरणं गुंडाळलेलं असताना, ते गुरूच्या खुर्चीत तीन तास ठाण मांडून बसले होते. वर मांडी घालून.

"उपरणें खांद्यावर होतें, कीं कमरेस?" अंबुजानं शेवटची आशा म्हणून विचारलं.

"कमरेस."

"मग अस्की गोष्ट संपलीच," ती म्हणाली. अस्की म्हणजे सगळी. आणि तिनं ताकाचं भांडं पुढे केलं.

त्या दिवशी कचेरीत चौकशी बसली. सरोजानं टिपण घेतलं. प्रशिक्षकांनी विचारलं, हे खरं आहे का. प्रशिक्षणार्थ्यानं खाली मान घालून कबूल केलं. विचारलं, कारण काय. तो म्हणाला, गुडघे. विचारलं, गुडघे दुखतात म्हणून उद्या माझ्या ताटात जेवायला बसाल का. यावर प्रशिक्षणार्थ्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं, कारण नेमकं त्याच ताटात तो तासाभरापूर्वी जेवून आला होता.

आचरणाचे पन्नास गुण खोडून तिथं शून्य लिहिलं गेलं. परिपत्रकात स्पष्ट होतं की आचरणात नापास तो सर्व विषयांत नापास. लक्ष्मीनारायणरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच लाल शाई वापरली. शून्य अंड्यासारखं लांबट आलं. मग ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आपण पळवाट काढली असं त्यांना जराही वाटत नव्हतं. आपण नापास झालो, एवढंच वाटत होतं.

"सार," सरोजा हळूच म्हणाली, "बाहेर कळायला नको असेल तर मी कुणाला सांगणार नाही. काही झालंच नाही."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

फॉर्मवर दोन सह्या झाल्या. ल. ना. राव, अनुत्तीर्ण प्रशिक्षणार्थी. शेजारी ल. ना. राव, प्रशिक्षक. सह्या एकसारख्याच होत्या, पण दुसरीच्या खाली ठसठशीत रेघ होती. इस्पितळातल्या कारकुनानं फॉर्म पाहिला आणि म्हणाला, सगळ्या तालुक्यांतून एकेक सही येते, दोन सह्यांचा हा पहिलाच. कुंभकोणमला काम चोख दिसतंय. सतरा जूनला हवालदारांचा उजवा डोळा झाला.

जुलैत ते आले. भिंत न चाचपता जिना चढले. बस चुकली नव्हती. चोळपुरमचे लोक वाट पाहून कंटाळले असतील, असं ते म्हणाले. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या विड्याच्या पानांच्या दोन चवडी होत्या.

"एक शिकणाऱ्या रायरांना. एक शिकवणाऱ्या साहेबांना, खडूस असले तरी. त्या सुभेदाराला काही आणलेलं नाही." त्यांनी नव्या डोळ्यानं खोलीभर पाहिलं. "तुम्ही कोण?"

लक्ष्मीनारायणरावांनी उपरणं कमरेला गुंडाळलं. "मी शिकणारा."

हवालदारांनी त्यांना पोटाशी धरलं. पानं दिली. "आणि ते?"

लक्ष्मीनारायणराव व्हरांड्यात गेले, उपरणं खांद्यावर टाकून परत आत आले. हवालदार त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग टाचा जुळवून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि दुसरी चवड पुढे केली. निघताना सरोजापाशी थांबून कुजबुजले, "एका डोळ्याचं हे असं असतं. सगळे सारखेच दिसतात. दुसरा झाला की वेगवेगळे दिसतील."

दुसऱ्याची तारीख मिळाली होती: २० डिसेंबर. पुन्हा नवा फॉर्म, आणि या खेपेला सही तारखेआधीच्या दहा दिवसांतलीच हवी. आणि पुरवणी परीक्षा ५ डिसेंबरला.

म्हणजे पाच डिसेंबरला पुन्हा नापास होणं आलं. लेखीत मुद्दाम चूक लिहायला प्रशिक्षणार्थ्याचा हात वळला नसता, पण लक्ष्मीनारायणरावांना वाटलं, यात अवघड काय. खुर्चीत बसायचं. नोव्हेंबरात सराव परीक्षा ठेवली तेव्हा प्रशिक्षणार्थी मनाचा धडा करून, सरळ सरळ, सगळं माहीत असताना गुरूच्या खुर्चीत बसला. आणि त्याच क्षणी प्रशिक्षकांच्या तोंडून शब्द निघून गेला, "बसा हो, बसा. गुडघे दुखत असतील."

परवानगी दिली! परवानगी दिल्यावर गुन्हा कसला? त्यानंतर लक्ष्मीनारायणरावांनी पुष्कळ प्रयत्न केले. प्रशिक्षणार्थी उशिरा आला, प्रशिक्षक म्हणाले, पाऊस असेल. तो उलट बोलला, ते म्हणाले, स्वभाव आहे. त्यानं टेबलावर पाय ठेवला, तर त्यांनी पायाखाली फाईल सरकवली. सात महिने रोज समोरासमोर काढल्यावर राग धरवेना. सरोजानं हिशेब केला की हे असंच चाललं तर आचरणात पंचेचाळीसच्या खाली येणं शक्य नाही.

मंगळवारी हवालदार शेतावरून आले आणि म्हणाले, पीक पोटरीत आलंय, महिन्या-दीड महिन्यात कापणी. एका डोळ्याला हिरवं दिसतं आणि एका डोळ्याला धूर, कुणाचं ऐकायचं तेवढं सांगा. हवालदार गेल्यावर लक्ष्मीनारायणरावांनी उपरणं कमरेला घट्ट गुंडाळलं, उभ्यानंच मजकूर सांगितला, आणि सरोजानं तीन प्रतींत टाइप केला:

प्रति, मा. वरिष्ठ अधिकारी, मद्रास.
मार्फत: प्रशिक्षक, कुंभकोणम.
विषय: प्रशिक्षकांची तातडीने बदली होण्याबाबत.

महोदय,

खाली सही करणारा गेले सात महिने प्रशिक्षक श्री. ल. ना. राव यांच्या हाताखाली शिकत असून त्यांच्याविरुद्ध त्याची वैयक्तिक तक्रार नाही. तथापि दीर्घ सहवासामुळे सदर प्रशिक्षकांचा प्रशिक्षणार्थ्यावर जीव जडला असून ते आगामी परीक्षेत त्यास उत्तीर्ण करतील असा रास्त संशय आहे. तसे झाल्यास तालुक्यातील माजी सैनिकांचे, विशेषतः एका डाव्या डोळ्याचे, कधीही न भरून येणारे नुकसान होईल. सबब विनंती की, प्रशिक्षक श्री. ल. ना. राव यांची ५ डिसेंबरपूर्वी पट्टीश्वरम् अथवा त्याहून दूरच्या गावी बदली करण्यात यावी, त्यांच्या जागी प्रशिक्षणार्थ्यास मुळीच न ओळखणारा इसम नेमण्यात यावा, आणि प्रशिक्षणार्थी श्री. ल. ना. राव यांस मात्र कुंभकोणम येथेच, आहे त्या घरी व आहे त्या पत्नीसह, कायम ठेवण्यात यावे.

आपला आज्ञाधारक,
ल. ना. राव
प्रशिक्षणार्थी, अनुत्तीर्ण